चपला आणि वह्या बाहेर

इंग्रजी कुठे शिकलात असं कोणी विचारलं की मी सांगते, अकोल्यात, एका लोखंडी खाटेजवळ उभी राहून. लोकांना वाटतं मी थट्टा करते. थट्टा कशाची बाप्पा! ज्या बाईंनी मला ‘थ्रो अप’ शिकवलं त्यांनी ते माझ्या धुतलेल्या पांढऱ्या सलवारीवर शिकवलं. त्यानंतर मी तो शब्द या जन्मात तरी विसरणार नाही.

त्यांना सारी गल्ली आपा म्हणायची. त्या माझ्या घरमालकीण. जुन्या शहरात त्यांचं दोन मजली घर होतं. वर आम्ही दोघी नर्स भाड्यानं, खाली त्या एकट्या. सारी नोकरी इंग्लंडातल्या दवाखान्यांत केली आणि रिटायर झाल्याबरोबर, तिकडे एक दिवस जास्त न राहता, अकोल्याला परत आल्या. मेंदीनं लाल केलेले केस, तोंडात ठसठशीत वऱ्हाडी आणि कमीजवर छातीशी उलटं टांगलेलं नर्सचं घड्याळ. ते घड्याळ भाजीबाजारातसुद्धा निघत नसे. सांभार, म्हणजे कोथिंबीर, घेता घेता कोणी वेळ विचारली की आपा मान खाली घालून स्वतःच्याच छातीत डोकवायच्या आणि मिनिटासकट सांगायच्या. एक भाजीवाली मला एकदा हळूच म्हणाली, ‘‘तुमच्या आपाच्या अंगातच टाइम हाय काय वो?’’

मी तिवस्याची. आधी अमरावतीला एका खाजगी दवाखान्यात होते. इंग्लंडातल्या एका दवाखान्यानं मला घ्यायचं कबूल केलं होतं, पण त्याआधी इंग्रजी बोलण्याची परीक्षा पास व्हायची होती. ती मी दोनदा नापास झाले. तिकडून पत्र आलं की तिसऱ्यांदाही जमलं नाही तर तुमची जागा दुसऱ्या कोणाला देऊ. गावात तर सगळीकडे झालं होतं की अमक्याची पोरगी इंग्लंडला चालली. चौकात उतरले की दहा जण विचारायचे, ‘‘काहून वो, अजून इथंच?’’ मी तिवस्याला जाणंच सोडलं, अकोल्याच्या दवाखान्यात नोकरी धरली आणि आपांच्या घरी खोली घेतली. त्या इंग्रजी शिकवतात हे मला माहीतही नव्हतं.

नापास कशी झाले तेही सांगते, लाज सोडून. पहिल्यांदा घाबरून. दुसऱ्यांदा मात्र जोरदार तयारीनं. अमरावतीच्या एका क्लासमध्ये सरांनी आम्हाला इंग्रजीतल्या जोडक्रियापदांची यादी दिली होती. गिव्ह अप, गिव्ह इन, गेट ओव्हर, मूव्ह ऑन, पुट अप विथ, अशी पाचशे. समोर मराठी अर्थ. मी ती पाढ्यांसारखी पाठ केली. भाकरी थापताना म्हणायची, बसमध्ये म्हणायची. सर म्हणायचे, जितकी जास्त वापराल तितके मार्क. हेच सर माझ्या तोंडून ‘मले’ निघालं की वर्गाकडे पाहून हसायचे आणि म्हणायचे, आधी मराठी सुधारा मॅडम, मग इंग्रजीचं बघू.

परीक्षेत एक बाई पेशंट होऊन बसते आणि आपण तिच्याशी नर्ससारखं बोलायचं असतं. माझ्या वाट्याला आलेल्या बाईचा नवरा महिन्याभरापूर्वी वारला होता आणि तिला झोप लागत नव्हती. ती एवढं बोलून थांबली, तशी मी सुटले. चिअर अप, काम डाऊन, मूव्ह ऑन, गेट ओव्हर इट, कॅरी ऑन, डोन्ट गिव्ह अप! अशी एकामागून एक अकरा झाली. मी मनात मोजत होते. बाई माझ्याकडे बघतच राहिली. मला वाटलं, काय छाप पडली! निकाल आला तेव्हा कळलं काय पडली ते.

हे मी आपांना सांगितलं तेव्हा त्या हसल्या नाहीत. हातातली सुपारी बाजूला ठेवली आणि म्हणाल्या, ‘‘तुह्या माय-बापाच्या घरी कोनी मेलं आन् मी येऊन म्हनलं, चला उठा, विसरा, पुढं व्हा, तं तू मले काय करशीन?’’

‘‘हाकलून देईन.’’

‘‘मंग? त्या बाईनं सभ्यपनानं हाकललं तुले. उद्या साडेचारले खाली ये. धारणीवालीले बी आन.’’

धारणीवाली म्हणजे माझी खोलीतली जोडीदारीण. ती धारणीच्या पलीकडच्या गावची, घरी कोरकू बोलणारी, आणि एकूणच कमी बोलणारी. आपांनी आम्हाला कधी नावानं हाक मारली नाही. मी तिवसेवाली, ती धारणीवाली. फी विचारली तर म्हणाल्या, फी एकच. ‘‘तिकडं गेल्यावर पयल्यांदा जे समजनार नाई, ते मले फोन करून सांगजो. समजलेलं नोको सांगू, त्याची मले गरज नाई.’’ मला ती बोलण्याची एक तऱ्हा वाटली. मी हो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी वही, पेन, ती पाचशेची यादी, सगळं छातीशी धरून खाली गेले. आपा दारातच उभ्या.

‘‘चपला बाहेर.’’

काढल्या.

‘‘वह्या बी.’’

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. पण नाही, चपलांच्या शेजारी एक पत्र्याचा डबा होता, त्यात वह्या-पुस्तकं टाकायची आणि मग आत यायचं. मोबाइलही त्यातच. मी म्हटलं, आपा, लिहून नाही घेतलं तर ध्यानात कसं राहील? त्या म्हणाल्या, ‘‘राहीन. तू आत तं ये.’’

आत खिडकीशी लोखंडी खाट. तिच्यावर चार उशा, शेजारी स्टुलावर पाण्याचा पेला आणि घेवड्याच्या शेंगेसारखा वाकडा तो स्टीलचा ट्रे, दवाखान्यात असतो तो. आपा खाटेवर चढल्या, उशांना टेकल्या, पेल्यातलं पाणी तोंडात घेतलं, गिळलं, परत घेतलं. आणि अचानक चेहरा पिळवटून कण्हत इंग्रजीत काहीतरी म्हणाल्या. त्यातलं ‘थ्रो अप’ मी ओळखलं. पाठ होतं ना! मी ताठ उभी राहून म्हटलं, ‘‘थ्रो अप, म्हणजे ओकणे, उलटी हो…’’

फुर्रर्र! सारं पाणी माझ्या सलवारीवर. या बाईनं दोन घोट घेतले, एकच गिळला, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

‘‘अर्थ नोको सांगू, बह्याडबेलने,’’ आपा तोंड पुसत म्हणाल्या, ‘‘ट्रे आन!’’

धारणीवाली तोंडावर ओढणी धरून हसत होती. तिची पाळी आली तेव्हा आपांनी तोंड उघडायच्या आधी तिनं ट्रे हनुवटीखाली धरलेला. तिनं इंग्रजी ऐकलंही नव्हतं, आपांचा गळा पाहिला होता. आपा ट्रेमध्ये थुंकल्या आणि माझ्याकडे बोट करून म्हणाल्या, ‘‘पाह्य. हिले पाचशेतलं एक बी येत नाई.’’

असे आमचे वर्ग. आपा दर दिवशी नवा पेशंट व्हायच्या. कधी दारू पिऊन पडलेला खलाशी, कधी नाकात बोलणारी मास्तरीण, कधी कोणाचंच न ऐकणारा म्हातारा शेतकरी. इंजेक्शनचा असर ‘वेअर ऑफ’ झाला, परत दुखतं म्हणून बोंबलायच्या, बोलता बोलता ‘नॉड ऑफ’ व्हायच्या आणि खरंच घोरायच्या. आम्ही उशी सारायची, कूस बदलून द्यायची, पांघरूण घालायचं. मराठी अर्थ तोंडातून निघाला की पाणी अंगावर. एकदा दूधवाले काका फाटकातून आत आले आणि खिडकीतून त्यांना दिसलं काय, तर आपा डोळे फिरवून हात हवेत करताहेत आणि आम्ही दोघी खाटेला धरून उभ्या. ते कॅन तिथंच टाकून शेजारच्यांना बोलवायला पळाले. अर्ध्या गल्लीला आपा गेल्याची बातमी कळली. लोक जमल्यावर आपा उठून बसल्या आणि म्हणाल्या, ‘‘आलेच हा तं चाय पिऊन जा.’’ त्यानंतर त्या घरातून कितीही आवाज आले तरी कोणी वळूनसुद्धा पाहत नसे.

मी भांडायचे, गप्प बसणारी मी नव्हेच. एकदा चिडून म्हटलं, ‘‘आपा, ह्या इंग्रजांचं डोकं फिरलं आहे. गिव्ह म्हणजे देणे, अप म्हणजे वर. वर काय देतात? आणि त्याचा अर्थ सोडून देणे! काही ताळमेळ?’’

आपा खाटेवरून पाय खाली सोडून बसल्या. अशा बसल्या म्हणजे पेशंट संपला, आता आपा बोलणार.

‘‘तू काहून बोलून राहिली वो? आता हेच पाह्य. ‘बोलून राहिली.’ कुठी राहिली तू? भाड्यानं राहिली का बोलन्यात? ‘मरून गेला’ म्हनते, तो कुठी गेला, तिकीट काढून? ‘खाऊन टाक’ म्हनते तुही माय, मंग तू खाऊन ताट फेकते का? ‘बसून घे’, काय घेऊ? आपल्या बोलीत पावलापावलावर हेच हाय. टाक, घे, दे, जा, राय. हे बारके शब्द लावले का बोलनं जितं होते. इंग्रजाचं अप, ऑफ, आउट तेच हाय, दुसरं काई नाई. तुले कोनी शिकवलं होतं का ‘मरून गेला’चा अर्थ? वही घेतली होती का आईच्या मांडीवर?’’

मी मनात ‘बसून घे’ म्हणून पाहिलं, काय घेते ते सापडेना. 

‘‘आन् आयक. ‘व्हॉमिट’ हा त्यांचा बाहेरून आनलेला शब्द हाय, कोटपँटवाला. दुखून राहिलं का इंग्रज कोटपँट काढते. मंग तो आईच्या घरचं बोलते, थ्रो अप, पास आउट. ते त्याचं वऱ्हाडी हाय समज. ज्या पोरीले ‘मले’ म्हनाची लाज वाटत नाई तिले ते लवकर येईन. ज्याले लाज वाटते, तो बसन यादी घेऊन.’’

त्या दिवशी वर खोलीत गेल्यावर मी आरशासमोर उभी राहून मोठ्यानं म्हटलं, ‘‘मले इंग्लंडले जाचं हाय.’’ अमरावतीच्या सरांना ऐकू जावं इतक्या मोठ्यानं. काय बरं वाटलं म्हणून सांगू! यादी मी रद्दीत टाकली. टाकून दिली, म्हणजे पाहा, दिली कोणालाच नाही.

परीक्षेला आठवडा उरला होता तेव्हाची गोष्ट. आपा ‘पास आउट’ करत होत्या, म्हणजे चक्कर येऊन पडणारी बाई. ही त्यांची सगळ्यात आवडती. कपाळाला हात, आवाज बारीक, इंग्रजीतून ‘मी आता पडते’ वगैरे. पाय वर उचलायला धारणीवाली सरसावली. मी उशी काढत होते आणि मनात म्हणत होते, आज आपांनी कमाल केली, घामसुद्धा आणला. तेवढ्यात त्या अगदी हळू म्हणाल्या, ‘‘अम्मी… अम्मी गे, दिल घबरा रहा मेरा।’’

माझा हात थांबला. आमच्याशी आपा वऱ्हाडी बोलायच्या, खाटेवर इंग्रजी. घरातली ही तिसरी भाषा फक्त त्यांच्या आईची, आणि आई जाऊन तीस वर्षं झालेली. खाटेवर पडल्यावर इंग्रजीशिवाय एक शब्द बोलायचा नाही हा नियम त्यांनी कधी, कधीही मोडला नव्हता.

‘‘हे खरं हाय!’’ मी ओरडले आणि स्वयंपाकघरात धावले. डब्यांवर इंग्रजी चिठ्ठ्या होत्या, त्या वाचत बसले नाही, साखर हाताला लागली. पेल्यात कालवून परत आले तोवर धारणीवालीनं त्यांना धरून बसवलं होतं. शुद्ध जेमतेम होती, गिळता येत होतं. घोट घोट पाजलं. अंग बर्फासारखं, कमीज भिजलेली. आपांना मधुमेह, आणि रक्तातली साखर उतरली होती. सकाळी इन्सुलिन घेतलं आणि आम्हाला काय करून दाखवायचं याच्या नादात बाई जेवायचंच विसरली. बाहेर कोणाला हाका मारल्या असत्या तरी उपयोग नव्हता, त्या घरातल्या आरडाओरड्याला गल्ली सरावली होती. मी रिक्षा आणली आणि आमच्याच दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, तुम्ही दहा मिनिटं उशीर केला असता तर अवघड होतं.

संध्याकाळी आपा दवाखान्याच्या पलंगावर बसून बिस्किट खात होत्या. उलटं घड्याळ दवाखान्याच्या झग्यावरही लावून घेतलं होतं.

‘‘खरं हाय हे कोनं वळखलं?’’ त्यांनी विचारलं.

धारणीवालीनं माझ्याकडे मान हलवली.

‘‘कशानं?’’

‘‘तुमी अम्मी म्हनल्या.’’

आपा बिस्किट खायच्या थांबल्या. मग खिडकीकडे पाहत बोलल्या. इतकं सलग त्या कधी बोलल्या नव्हत्या.

‘‘माहं तिथलं पयलं वर्स होतं. वार्डात एक म्हातारा होता, रेल्वेतला. भेटाले कोनी येत नव्हतं त्याले. दुपारचा चाय वाटून राहिली होती मी, आन् त्यानं माहा हात धरला. चार शब्द बोलला. एकेक शब्द वळखीचा, पन मिळून काई समजलं नाई. मले लाज वाटली. ‘वन मिनिट’ म्हनलं, हात सोडवला आन् टेबलाजवळ गेली. माह्या पिशवीत डिक्शनरी होती. पान काढलं, बोट फिरवलं. सापडलं बी! खुशीत परत आली. तवर तो मरून गेल्ता.’’

‘‘काय म्हनला होता?’’ मी विचारलं.

‘‘‘स्टिक अराउंड, विल यू.’ मंजे, जराशी थांब ना इथं.’’ त्यांनी झग्यावरचं घड्याळ हातात धरलं. ‘‘तो थांब म्हनून राहिला होता, आन् मी त्याचा अर्थ आनाले गेली.’’

 चपलांशेजारचा तो पत्र्याचा डबा माझ्या डोळ्यांसमोर आला.

नागपूरच्या परीक्षेत तिसऱ्यांदा बसले तेव्हा समोरच्या बाईचा गुडघा बदलायचा होता आणि ती घाबरली होती. म्हणाली, हे दुखणं मी आणखी ‘पुट अप विथ’ करू शकत नाही. पूर्वी मी यादीतला नंबर आठवला असता. त्या दिवशी मी खुर्ची पुढे ओढली, थोडी वाट पाहिली आणि म्हटलं, सांगा, कुठं दुखतं. ती सांगत गेली, मी ऐकत गेले. साऱ्या वेळात माझ्या तोंडून जोडक्रियापदं निघाली असतील दोन. पास झाले, चांगल्या मार्कांनी झाले! तिवस्याला बसमधून उतरले आणि चौकातल्या दहाच्या दहा जणांना पेढे दिले. अमरावतीच्या सरांनाही एक डबा पोहोचवला, आणि देताना मुद्दाम म्हटलं, ‘‘सर, मले पास केलं त्यांनी.’’ धारणीवाली माझ्यानंतर चार महिन्यांनी पास झाली, पहिल्याच खेपेला. पण ती मेळघाटात परत गेली. म्हणते, इथल्या पेशंटांची पण एक भाषा आहे आणि ती समजणारे कमी आहेत. आपांना तिचा अभिमान माझ्याहून कांकणभर जास्तच आहे आणि त्या तो लपवत नाहीत.

इंग्लंडात आले त्याला आता दोन वर्षं होतील. पहिल्या महिन्यात सगळं समजत गेलं. ट्रे वेळेवर पोहोचत गेला, आणि हेड सिस्टरनं विचारलं की तुम्ही यापूर्वी कुठल्या इंग्लिश वॉर्डात होतात, तेव्हा मी मान ताठ करून म्हटलं, अकोल्याच्या.

मग एक दिवस दुपारी खिडकीजवळच्या पलंगावरच्या म्हातारीनं माझी मनगटं धरली. तिची मुलगी दुसऱ्या गावाहून निघाली होती, यायला अवकाश होता. म्हातारी काहीतरी बोलली. कुठल्याशा खेड्यातली बोली असेल. मला त्यातलं काही, अगदी काहीच कळलं नाही. खिशात फोन होता. विचारायला दुसरी सिस्टर वीस पावलांवर होती. मी पायानं स्टूल ओढलं आणि बसले. तिनं तेच पुन्हा म्हटलं. मी तिचा हात हातात घेतला आणि म्हटलं, ‘‘हाव माय. हाव.’’ वऱ्हाडीतच निघालं तोंडातून. ती माझ्याकडे पाहत राहिली, मग खिडकीकडे. मुलगी पोहोचायच्या थोडं आधी ती गेली.

ड्यूटी संपल्यावर आपांना फोन केला. फी द्यायची होती. मला ऐकू आलं तसं ते बोलणं त्यांना म्हणून दाखवलं.

‘‘अजून एक डाव म्हन,’’ आपा म्हणाल्या.

मी म्हटलं.

‘‘मलेबी नाई समजलं,’’ त्या म्हणाल्या. मग विचारलं, ‘‘तू उठली तं नाई?’’

‘‘नाई आपा. बसूनच होती मी.’’

 फोनवर मागून कुकरची शिट्टी ऐकू आली.

‘‘चाल, बरं झालं,’’ आपा म्हणाल्या. ‘‘म्हाताऱ्याजवळ कोनीतरी बसलं.’’

‘‘आपा, म्हातारी होती.’’

‘‘व्हय व्हय,’’ आपा म्हणाल्या, ‘‘म्हातारी.’’